षट्कर्णी

दौंड म्हटले की रेल्वेचे जंक्शन डोळ्यांसमोर येते. १९२७ साली मात्र याच दौंडला इंग्लंडहून निघालेले शब्द आभाळातून उतरवून घेतले जाऊ लागले. तिकडे ग्रिम्स्बीजवळून सोडलेल्या लघुलहरी इथे झेलायच्या. इकडचे संदेश पुण्याजवळच्या खडकीतून सोडायचे आणि ते तिकडे स्केगनेसजवळ झेलले जायचे. ही ‘बीम’ सेवा सप्टेंबरात सुरू झाली. त्याच्या दीडएक महिना आधी, २३ जुलैला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले होते.

एकच मुलूख, एकच पावसाळा. शास्त्रही एकच. इच्छा मात्र एकमेकींच्या उलट. खडकीच्या तारांनी लहर आखडून घ्यायची आणि कंदिलाच्या झोतासारखी एकाच दिशेला धाडायची. मुंबईच्या केंद्राने ती चहूकडे उधळायची. खडकीला संदेश ज्याचा त्यालाच पोचावा याची चिंता, तर मुंबईला तो कुणाही अनोळख्याच्या कानी पडावा याची आस.

गुपित फुटले की ते षट्कर्णी झाले, असे आपण म्हणतो. सांगणाऱ्याचे दोन कान, ऐकणाऱ्याचे दोन, आणि तिसऱ्याचे आणखी दोन आले की गुपित संपले. बिनतारी विद्येची पहिली तीस वर्षे वाचताना मला पुन्हा पुन्हा या तिसऱ्या माणसाचेच कान दिसत राहतात.

हाइनरिख हर्ट्झने १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत विद्युत्चुंबकीय लहरी दाखवल्या, त्या मॅक्सवेलचा सिद्धांत पारखण्यासाठी. निरोप धाडण्याचा विचार त्याने केला नाही आणि १८९४ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो गेला. तो विचार मार्कोनी या इटालियन तरुणाने केला. पण त्यालाही हवी होती ती तारच, फक्त तारेवाचून. ‘बिनतारी’ हे नावच पाहा. काय नाही तेवढेच ते सांगते. तारेला दोन टोके असतात आणि मधला रस्ता मालकीचा असतो. लहरीला दुसरे टोक नसते, ती दवंडीसारखी सगळ्या गल्ल्यांतून फिरते. उद्योजकांना हा तिचा दोष वाटला. विशिष्ट लहरीपुरतेच यंत्र जुळवून घेण्याचे मार्कोनीचे १९०० सालचे पेटंट, सुप्रसिद्ध क्रमांक ७७७७, मुख्यतः एकाची लहर दुसऱ्याच्या लहरीत मिसळू नये म्हणून होते. पण त्यातून गुप्तताही साधेल, असा दावा होऊ लागला.

तो दावा जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर्वांदेखत कोसळला. मार्कोनीचा सल्लागार जॉन अँब्रोज फ्लेमिंग व्याख्यान देत होता आणि कॉर्नवॉलहून मार्कोनीचा संदेश यायचा होता. त्याआधीच यंत्र टकटकू लागले. एकच हेटाळणीचा शब्द पुन्हा पुन्हा, मग एका इटालियन तरुणाची टिंगल करणारे कवन. नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराने जवळूनच हे संदेश घुसवले होते आणि त्याने ते वर्तमानपत्रातून उघडपणे कबूलही केले. फ्लेमिंग संतापला. मला मात्र मॅस्केलिनचे वागणे त्या काळातले सर्वांत उपयोगी टीकालेखन वाटते. आकाशात खासगी गल्ली नसते, एवढेच त्याने दाखवले.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री याच गोष्टीला फार मोठी किंमत आली. ‘टायटॅनिक’चा बिनतारी चालक जॅक फिलिप्स प्रवाशांच्या खासगी तारा केप रेसच्या किनारी केंद्राला धाडण्यात गुंतला होता. जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाचा चालक सिरिल इव्हान्स याने आपण बर्फात अडकून थांबल्याचे कळवले. ते शब्द फिलिप्सच्या कानात एवढ्या जोराने आदळले की त्याने इव्हान्सला गप्प बसायला सांगितले. दोघांच्या बोलण्यात तिसरा नको होता. इव्हान्सने थोडा वेळ वाट पाहिली, मग यंत्र बंद केले आणि तो झोपी गेला. त्या जहाजावर तो एकटाच चालक होता. काही मिनिटांतच, ११ वाजून ४० मिनिटांनी, ‘टायटॅनिक’ची हिमनगाशी टक्कर झाली.

‘कार्पेथिया’ जहाजावरचा चालक हॅरॉल्ड कॉटमही झोपायच्याच तयारीत होता, पण कानावरचे यंत्र त्याने उतरवले नव्हते. केप कॉडचे केंद्र ‘टायटॅनिक’साठी संदेश धाडते आहे, हे त्याच्या कानी पडले होते. ते त्याच्यासाठी नव्हते. तरीही शेजारधर्म म्हणून त्याने ‘टायटॅनिक’ला कळवायला हाक दिली आणि उत्तरात मदतीचा आकांत आला. ‘कार्पेथिया’ जहाज मदतीला धावले आणि सातशेवर माणसे वाचली. दुसऱ्यासाठी असलेला निरोप तिसऱ्याने ऐकला, म्हणून वाचली. त्यानंतर समुद्रावर अहोरात्र कान उघडे ठेवणे हे सौजन्य राहिले नाही, ते कायद्याने कर्तव्य झाले.

नभोवाणीचा जन्म मला त्या रात्रीच झाल्यासारखा वाटतो. तारीख मात्र पुढची आहे. पिट्सबर्गजवळ फ्रँक कॉनरॅड आपल्या गॅरेजमधून हौसेने तबकड्या वाजवी आणि अनोळखी हौशी मंडळी त्या ऐकत. त्यासाठी लागणारे तयार संच विकायची जाहिरात एका दुकानाने दिली आणि कॉनरॅडच्या कंपनीच्या, वेस्टिंगहाउसच्या, लक्षात आले की गिऱ्हाईक संदेश धाडणारा नसून ऐकणारा आहे. २ नोव्हेंबर १९२० रोजी तिच्या केडीकेए केंद्राने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले. इतकी वर्षे जो दोष बुजवायचा चालला होता, त्याच्यावरच आता केंद्र उभे राहिले.

पण दोषाचा गुण झाला म्हणून पैसा आला असे नाही. खडकी-दौंडसारख्या बीम मार्गांनी समुद्रतळाच्या केबल कंपन्यांचा धंदा इतका खाल्ला की १९२९ मध्ये केबल आणि बिनतारी यांचे व्यवहार एकाच कंपनीखाली आणावे लागले. मुंबईची नभोवाणी कंपनी मात्र १९३० मध्येच बुडाली. ऐकण्याच्या परवान्याला वर्षाचे दहा रुपये पडत, संच त्याहून कितीतरी महाग, आणि एवढ्या मोठ्या देशात श्रोते काही हजार. सरकारने ती चालवायला घेतली आणि १९३६ मध्ये तिचे नाव ऑल इंडिया रेडिओ झाले.

तिसऱ्याचे कान नेहमीच शेजारधर्माचे नसतात, हेही मुंबईनेच पाहिले. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ४२.३४ मीटरवर भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. पकडले जाऊ नये म्हणून ते जागा बदलत राहिले. जो कुणी ऐकेल त्याच्यासाठी ते बोलत होते, आणि ऐकणाऱ्यांत पोलीसही होते. १२ नोव्हेंबरला पोलीस दारात आले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या प्रसारणांतले शब्द आज वाचायला मिळतात, ते पोलिसांनी ऐकून उतरवून घेतले होते म्हणून.