पेवातली हळद आणि रस्त्यावरच्या गाड्या

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात आला की दुपारी गाळ्यासमोर खोळंबा होतो तो पट्टीसाठी. सौदा होऊन गेलेला असतो, वजनं झालेली असतात. हमाली, तोलाई वजा जाता हातात काय पडणार, एवढंच शेतकऱ्याला कळायचं राहिलेलं असतं. अशाच एका अडत पेढीत नेमकी ही वेळ संगणकानं धरली होती. सकाळी बटण दाबताच निघणारी पट्टी तीन वाजले की पडद्यावर अडकायची. गाडी लावून आलेली माणसं चिडायची आणि मालक पोराकडं बघायचे.

पोरगा म्हणजे पेढीचा सर्व्हर सांभाळणारा, नुकताच शिकून आलेला. त्यानं 'फ्री'ची आज्ञा दिली. एकूण मेमरी १६ जीबी, मोकळी जेमतेम ३०० एमबी. वर स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत, १.८ जीबी गेलेले. त्याच्या पोटात गोळा आला. मेमरी संपली, असं त्यानं मालकांना सांगितलं. हंगाम उरकल्यावर बघू, असं उत्तर मिळालं. मग त्यानं दर तासाला कॅशे झाडून टाकायची सोय केली. आज्ञा चालली की मोकळी मेमरी एकदम ९ जीबीवर जायची. आकडा छान दिसू लागला आणि पट्ट्या आणखी रखडू लागल्या.

यात नवल काही नव्हतं. सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सच्या लेखी रिकामी मेमरी म्हणजे वाया चाललेली मेमरी. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल तो हाताशी ठेवतो, कारण ती पुन्हा लागेल. कुणी जागा मागितली तर निमूटपणे सोडून देतो. पोरानं दर तासाला झाडून टाकला तो हाच हाताशी ठेवलेला माल. त्यामुळं दरपत्रक आणि शेतकऱ्यांची खाती दर तासाला नव्यानं डिस्कवरून आणायची पाळी आली. खरं तर 'फ्री'च्याच ओळीत शेवटी 'अव्हेलेबल' नावाचा रकाना असतो. स्वॅपला हात न लावता नव्या कामाला साधारण किती जागा देता येईल, याचा अंदाज तो देतो. लिनक्सच्या गाभ्यानं, म्हणजे कर्नलनं, हा अंदाज स्वतः द्यायला सुरुवात केली २०१४ मध्ये, ३.१४ या आवृत्तीपासून. त्याआधी ज्यानं त्यानं मनात बेरीज करायची. सकाळी त्या रकान्यात ८ जीबीच्या वर आकडा होता. पण घाबरलेला माणूस ओळ शेवटपर्यंत वाचत नाही.

पेढीत एक जुने दिवाणजी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. टॅली त्यांनी पन्नाशीत शिकून घेतलं होतं, त्यामुळं संगणकाला ते भीत नसत आणि त्याच्या पायाही पडत नसत. पोराचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय रं, कुठं अडलंय?"

"अण्णा, दोन जीबी माल स्वॅपमध्ये जाऊन पडलाय. तो शून्यावर आणायला पाहिजे."

"पडलाय म्हणजे तिथंच पडून आहे, का ये-जा करतोय?"

पोराला प्रश्न कळला नाही. मग अण्णांनी हरिपूरचं सांगितलं. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव पेवांसाठी नावाजलेलं. तिथल्या मातीत खोल खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकायची. २००५ च्या महापुरानं पुष्कळ पेवांची वाट लागली, पण अण्णांच्या उमेदीत यार्डातला गाळा आणि हरिपूरचं पेव मिळून एकच दुकान असायचं. आज विकायची हळद गाळ्यात, भाव चढेपर्यंत थांबायची ती पेवात. पेव उघडायचं म्हणजे खटलं. तोंड मोकळं करायचं, आत कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबायचं, मग माणूस उतरवायचा.

"पेवात माल हाय म्हणून कुठला व्यापारी रडला न्हाई," अण्णा म्हणाले. "रडायची पाळी कवा यायची? गाळा बारका आन् गिऱ्हाईक दांडगं. मग एक गाडी माल घेऊन हरिपूरला चाललीय, दुसरी तिथनं माल घेऊन परत येतीय. दिवसभर हमाल रस्त्यावर, आन् काट्यावर पोतं न्हाई. तू मला पेवातला साठा सांगतोस. गाड्या किती फिरल्या ते सांग की."

गाड्या मोजायची आज्ञा पोराला ठाऊक होती, वापरायची सवय नव्हती. त्यानं 'व्हीएमस्टॅट' एकदाच चालवलं, तर एसआय आणि एसओ या रकान्यांत किरकोळ आकडे आले. स्वॅपमधून आत किती आलं आणि बाहेर किती गेलं, ते हे रकाने सांगतात. पण पहिली ओळ असते यंत्र सुरू झाल्यापासूनच्या सरासरीची. तीन आठवड्यांच्या निवांत रात्री तिच्यात मिसळलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी त्यानं कॅशे झाडणं बंद केलं आणि दर पाच सेकंदांनी नवी ओळ येईल असं करून पडदा उघडाच ठेवला. सकाळभर दोन्ही रकाने शून्य. १.८ जीबी डिस्कवर निवांत पडून होते. कित्येक दिवस कुणी न विचारलेली मेमरीची पानं ती. त्यांना तिथंच राहू देणं शहाणपणाचं. अडीच वाजता पट्ट्यांची गर्दी झाली, तरी शून्यच. तीनला मात्र दोन्ही रकाने एकदम हजारांत गेले आणि तिथंच राहिले. डिस्कची वाट बघत अडकलेल्या कामांचा रकाना फुगला आणि प्रोसेसर नुसता ताटकळू लागला.

या दुखण्याला 'थ्रॅशिंग' म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच त्याची कारणं मांडली होती. चालू कामांना सतत लागणाऱ्या पानांची बेरीज मेमरीत मावेनाशी झाली की यंत्र काम कमी आणि हमाली जास्त करतं.

'सार' या आज्ञेनं पोराला पुन्हा चकवलं असतं. तिच्यातला 'पेज-इन'चा आकडा सकाळीही मोठा दिसत होता. पण त्यात डिस्कवरून होणारं साधं फाइलवाचनही धरलेलं असतं. नावात 'पेज' आहे म्हणून तो स्वॅपचा आकडा होत नाही. त्यानं तो बाजूला ठेवला आणि तीन वाजता काय सुरू होतं याचा माग काढला. निघाला तो साठ्याचा अहवाल. मालकांना चहाबरोबर बघायला मिळावा म्हणून कुणीतरी कधीकाळी ही वेळ लावून ठेवलेली. तो तीन हंगामांच्या सगळ्या पट्ट्या एकदम मेमरीत ओढायचा. पोरानं अहवाल पहाटे चारला टाकला. पट्ट्या झरझर निघू लागल्या. एक रुपया खर्च झाला नाही, ही गोष्ट मालकांनी यार्डभर सांगितली.

तिथंच घोळ झाला. पुढच्या हंगामात पट्टीचे संगणक दुप्पट झाले आणि दुपार पुन्हा रखडली. पोरगा म्हणाला, आता मात्र मेमरी घ्यावी लागेल. मालक हसले. "गेल्या वर्षी पण तू हेच म्हणाला होतास. स्वॅप किती?"

"१.८ जीबी."

"गेल्या साली किती होतं?"

"१.८."

"मग? आकडा जागचा हललेला नाही."

पोरगा काही बोलायच्या आत अण्णाच म्हणाले, "मालक, शंभर पोती गेली आन् शंभर आली, तर वहीत साठा तेवढाच दिसतो. हमालांना इचारा."

पोरानं दोन्ही रकाने दाखवले. एक वाजल्यापासून पाचपर्यंत एकही शून्य नव्हतं. जितकं आत, जवळपास तितकंच बाहेर. या खेपेला पुढं ढकलता येईल असा अहवालही नव्हता, होती ती पट्ट्यांचीच कामं. 'अव्हेलेबल'चा रकानाही तळाला टेकलेला. मालकांनी बराच वेळ पडद्याकडं बघितलं आणि ३२ जीबीच्या बिलावर सही केली.

नवी मेमरी बसवून आठवडा झाला असेल. मालकांनी स्वतःच 'फ्री' चालवायला सांगितलं. मोकळी मेमरी ५०० एमबी.

"३२ जीबी आणलेत ना रे? कुठं गेले?"

"फाइली हाताशी ठेवल्यात त्यानं. मागितली की सोडतो जागा."

मालकांचा चेहरा काही खुलला नाही. विकत घेतलेली जागा भरलेली दिसणं त्यांना अजून पचत नव्हतं. "आणि गाड्या?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून शून्य."

"मग पट्ट्या काढ लवकर. नांदेडच्या गाड्या लागल्यात."