काय मिळालं?

संध्याकाळची सफारी संपवून जिप्सी मोहर्ली फाटकाबाहेर आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “काय मिळालं?” ताडोब्यात वाघ ‘मिळतो’. आपल्या भाषेत मात्र तो ‘दिसतो’. ‘मला वाघ दिसला’ या वाक्यात कर्ता वाघ आहे. दिसायचं की नाही, हे त्याचं त्यानं ठरवायचं. मिळणं हा बाजारातला शब्द, आणि कॅमेरा गळ्यात आल्यापासून मीही तोच वापरत होतो.

मे महिना होता. पाणवठ्याच्या रस्त्यावर सांबराचा धोक्याचा कॉल आला. चितळ कधी उगाचही ओरडतं, सांबर सहसा फसवत नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. थोड्या वेळानं बांबूतून वाघीण आली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. तिला पलीकडे जायचं होतं. आमच्या मागे चार गाड्या, समोर तीन. मधे मोकळी राहिलेली जागा तिची होती. मी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला, “भाऊ, थोडी पुढे घ्या ना.” तो घुटमळला. पण पाहुणा नाराज झालेला त्याला परवडत नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्याचाच मी फायदा घेतला. गाडी सरकली. वाघिणीनं कान मागे पाडले, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि आल्या वाटेनं परत फिरली. ती नजर माझ्या फोटोत आली.

31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं जिप्सींच्या गराड्यात अडकली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले. लोक चिडले, ते योग्यच होतं. मला मात्र गाडीच्या मागच्या बाकावरून ‘पुढे घ्या’ म्हणणारा आवाज ऐकू येत राहिला. तो आवाज कसा असतो, ते मला माहीत आहे.

फोटो काढण्यात पाप नाही. वाघांची गणनाच फोटोंवर चालते. झाडाला बांधलेला कॅमेरा पट्ट्यांचं चित्र टिपतो, त्यावरून एकेक वाघ ओळखता येतो. पण तो कॅमेरा कोणाची वाट अडवत नाही. वाघ आपल्या चालीनं पुढे जातो.

माझा फोटो वर्षभर बैठकीच्या खोलीत होता. आला-गेला त्या डोळ्यांचं कौतुक करायचा. एकदा वनखात्यात नोकरी केलेला मित्र घरी आला. तो डोळ्यांकडे पाहतच नव्हता. बोट पोटाखाली नेऊन म्हणाला, “अंगावर पिणारी पिल्लं आहेत हिला. कुठे निघाली होती?”

“पाण्यावर,” मी म्हटलं.

“मग? मिळालं तिला पाणी?”