टॅपेट सेट करण्याआधी

सातारा

चि. मनीस,


परवा फोनवरून बुलेटचा आवाज ऐकवलास. मोबाइलमधून सगळीच इंजिनं पत्र्याच्या डब्यासारखी वाजतात, पण ती टकटक टॅपेटची, एवढं कळलं. रविवारी स्वतःच सेट करते म्हणालीस, मी हो म्हणालो, आणि रात्री आठवलं की मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच.

शनिवारी रात्रीपासून किक मारू नकोस. टॅपेट थंड इंजिनावरच बघायची. मी पहिल्यांदा हात घातला तो तासभर गाडी पळवून आणल्यावर, आणि आवाज जाईपर्यंत आवळत गेलो. आवाज गेला! शेजाऱ्यांना बोलावून ऐकवलं. दुसऱ्या दिवशी किक मारली तर पाय भसकन खाली, कॉम्प्रेशनच नाही. व्हॉल्व्ह मिटतच नव्हते.

म्हणून आवाज बंद करायला बसू नकोस. जुन्या बुलेटचं टॅपेट थोडं बोलणारच. ढिलं असलं तर वाजतं, व्हॉल्व्ह जरा कमी उघडतो, इतकंच. घट्ट झालेलं मात्र गुपचूप नुकसान करतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर टेकतो तेव्हाच हेडमध्ये उतरते. 3000 आरपीएमला सेकंदाला 25 वेळा उघडायचं, मिटायचं. त्यात नीट टेकायलाच मिळालं नाही, तर कडा जळणार नाही तर काय?

आता काम. गाडी मधल्या स्टँडवर घे, प्लग काढ, टॉप गिअर टाक. सिलिंडरच्या उजव्या अंगाला, बुडाशी, एका नटावर बसलेलं झाकण आहे. ते काढलंस की दोन्ही पुशरॉडची खालची टोकं दिसतील. प्लगच्या भोकावर अंगठा ठेव आणि मागचं चाक पुढच्या दिशेने हळूहळू फिरव. चाक फिरवायला कुणाला तरी बसव, एकटीने कसरत करू नकोस. हवा अंगठ्याला ढकलू लागली की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पिस्टन अगदी वर आला की थांब. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. पिस्टन एक्झॉस्टच्या स्ट्रोकलाही वर येतो. तिथे फसलीस तर सगळी मेहनत वाया.

तुझ्या मैत्रिणीच्या स्प्लेंडरला फिलर गेज लागतो. आपल्या या बिडाच्या सिलिंडरवाल्या 350 ला फक्त दोन बोटं. पुशरॉड चिमटीत धरून फिरव: सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. किती सहज, ते मला लिहून सांगता येत नाही. नव्या पेनाचं टोपण फिरवून बघ, साधारण तसं. फिरताना अडला तर घट्ट आहे, खडखडला तर ढिला. (नंतरच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आली आणि ही मजा गेली. बरंही झालं म्हणा.)

खाली एकावर एक तीन षटकोनी भाग दिसतील. मधला चेकनट. तो सैल करून वरचा भाग थोडाथोडा फिरवत जा. नवखा माणूस चुकतो तो यानंतर: बोटांना अगदी हवं तसं लागलं म्हणून खूश होऊन चेकनट आवळतो, आणि आवळताना सगळंच सरकून बसतं. तेव्हा आवळल्यावर पुन्हा फिरवून बघ. मला पहिल्या वेळी एकेका रॉडला पाच-सहा वेळा सोडावं लागलं होतं. मग चाक फिरवून पुन्हा त्याच जागी आण आणि आणखी एकदा बघ.

झाकणाचा नट ताकदीने पिळू नकोस. तेल गळू लागलं तर गॅस्केट बदल.

पातळ पाने एसटीच्या पार्सलने पाठवलेत. त्यातला एक मी कानशीने घासून बारीक केलाय, एका बाजूने जरा तिरका झालाय. त्याच्यावर हसू नकोस, उपयोगी तोच पडेल.

तुझा,
अण्णाकाका