बेटाची मर्यादा

(मननासाठीं: यशया ५:८, उत्पत्ति १:२८ व २:१५)



जे लोक घरामागून घर व शेतामागून शेत आपलेंसें करीत जातात आणि दुसऱ्यास उभें राहावयासही जागा ठेवीत नाहींत, त्यांच्याविषयीं यशया संदेष्ट्यानें शोक केला. तो शोक आपल्याच कोंकणपट्टीस लागू आहे असें आम्हांस वाटतें.

मुंबई पूर्वीं सात बेटांची होती. समुद्र बुजवून तीं एक केलीं, तरी माणसांस जागा पुरेना. म्हणून १९७० सालीं सिडको स्थापन झाली, आणि खाडीपलीकडे ठाणें व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या भूमीवर नवी मुंबई वसूं लागली. भातखाचरें व मिठागरें गेलीं. योग्य मोबदल्यासाठीं आगरी व कोळी बांधव उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांत गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले. २०११ च्या जनगणनेंत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दींत ११ लाखांहून अधिक लोक मोजले गेले. त्यांस पाणी मुख्यतः खालापूर तालुक्यांतील मोरबे धरण पुरवितें. त्या धरणाकरितांही गांवें उठलीं.

याच किनाऱ्यासमोर घारापुरी बेट आहे. तेथें तीन लहान गांवें आहेत; वीज २०१८ सालीं समुद्रतळांतून आली. बेटावरील मनुष्यास मर्यादा डोळ्यांनीं दिसते: विहीर आटली तर बांधापलीकडे दुसरी नाहीं. दूर प्रशांत महासागरांत तुवालू राष्ट्र आहे. तेथें सुमारें ११ हजार लोक राहतात, बहुतेक ख्रिस्ती. तेथील उंचांत उंच जमीनही समुद्रापासून पांच मीटर वर नाहीं. समुद्र चढत असल्यामुळें त्यांतील २८० जणांस दरवर्षीं आपल्या देशांत राहूं देण्याचा करार ऑस्ट्रेलियानें २०२३ सालीं केला. हे लोक संख्येनें किती थोडे! त्यांच्या दारीं समुद्र आणला तो इतरांच्या धुरानें.

यास्तव गरिबाच्या लेंकरांकडे बोट दाखवून कोणीं मोकळें होऊं नये. लेंकरूं हें देवाचें दान आहे. हांव हें देवाचें दान नव्हे. परंतु ज्या देवानें मनुष्यास वाढण्याचा आशीर्वाद दिला, त्यानेंच त्याला बागेची मशागत व राखण करावयास ठेविलें. एक आज्ञा धरून दुसरी सोडणें हा आज्ञाभंगच होय.

तर आपण काय करावें? मुलींस शाळेंतून लवकर काढूं नये, त्यांचें लग्न घाईनें करूं नये. किती लेंकरांचें नीट पालन होईल, हें पतिपत्नींनीं प्रार्थनेनें व डॉक्टरच्या सल्ल्यानें ठरवावें. आईच्या प्रकृतीचा विचार प्रथम व्हावा. जमिनीच्या कागदावर सही करण्यापूर्वीं तो घरांतील स्त्रियांसह सर्वांसमोर वाचावा. उपदेशकांनीं त्यांत साह्य करावें. खाडीकांठचें तिवर तोडूं नये, कारण त्याच्या मुळ्या बांधाची माती धरून ठेवितात.

सारी पृथ्वी हें परमेश्वराचें एक बेट आहे, आणि आपण तिचे धनी नसून कारभारी आहों. तो हिशेब मागेल, तेव्हां आपल्या मागून आलेल्यांस उभें राहावयास जागा उरलेली असो. आमेन.