रिलिव्हर आला नाही तर?

हिंगोलीत पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. निजामाच्या काळात इथं लष्करी छावणी होती, तिची ही उरलेली खूण. छावणी गेली, गणवेश गेला नाही. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 हिंगोलीचाच. भरतीसाठी इथली पोरं पहाटे रस्त्यावर धावतात. ज्यांची भरती हुकते, त्यांच्यातले काही पुढं पुण्यात एखाद्या सोसायटीच्या गेटवर उभे दिसतात. पहारा दोघांनाही करायचा असतो. फरक पडतो तो पहारा संपताना.

'पहारा' हा शब्द प्रहरावरून आला. प्रहर म्हणजे तीन तास. पहाऱ्याला शेवट असतो, हे शब्दातच आहे.

दिल्लीत राष्ट्रपती भवनासमोर शनिवारी गारद बदलण्याचा सोहळा होतो. घोडे, बँड, चकचकीत बूट. त्याच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील. सगळा थाट बाजूला काढला तर उरतं ते एवढंच: नवा येतो, जुन्यासमोर उभा राहतो, ताबा घेतो, आणि मगच जुना निघतो. क्षणभर दोघंही तिथं असतात. जागा रिकामी राहत नाही.

बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा सैनिकाचा नियम. आपण तो नेहमी त्याच्या बाजूनं वाचतो आणि म्हणतो, केवढी निष्ठा! पण त्याच नियमात दुसऱ्या बाजूचंही एक वचन आहे: आम्ही बदली पाठवू. हे वचन मोडलं, तर पहिलं किती वेळ बांधून ठेवतं?

गेटवरच्या पोराला हा प्रश्न रोजचा आहे. रात्रीचे बारा तास भरले, सकाळचा रिलिव्हर आला नाही. सुपरवायझर फोनवर म्हणतो, "थांब जरा, माणूस पाठवतो." 'जरा'चे आणखी बारा तास होतात. तो निघून गेला तर बेजबाबदार, थांबला तर उद्याही त्यालाच थांबवणार. महाराष्ट्रात खासगी सुरक्षारक्षकांसाठी 1981 पासून कायदा आहे. पण सकाळी आठ वाजता कायदा गेटवर येऊन उभा राहत नाही.

माझ्या मते त्यानं थांबावं. आत झोपलेल्या माणसांनी रिलिव्हर पळवलेला नाही. मात्र तो थांबला ही त्याची निष्ठा, आणि तो थांबेलच हे धरून माणसं कमी ठेवणं ही चोरी. चोरीच म्हणतो, कारण त्याची झोप कुणीतरी खिशात घातलेली असते. आणि महिन्याचा मेंटेनन्स कमी यावा म्हणून सर्वांत स्वस्त एजन्सी निवडणारे आपण, त्यात आपलाही वाटा असतो. घरात आजारी आजीजवळ रात्रंदिवस बसणाऱ्या सुनेचा हिशोब तर कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो. तिला 'आता तू जा, मी बसतो' म्हणायला कुणी येतं का?

सोसायटीच्या रजिस्टरमध्ये 'आला' आणि 'गेला' असे दोन रकाने असतात. एकदा ते चाळून बघा. 'आला'पुढं वेळ असते, सही असते. 'गेला'चा रकाना किती ठिकाणी कोरा आहे, ते मोजा.