समजून घे

गेले चार-पाच महिने मी लागोपाठ प्रेमकथाच वाचल्या. बहुतेक फोनवर, रात्री दिवा मालवल्यावर, स्क्रीनचा उजेड अगदी कमी करून. यामागे काही थोर उद्देश नव्हता. ऑफिसातून आल्यावर डोक्याला ताप नको होता आणि शेवटी सगळं नीट होणार अशी खात्री असलेली गोष्ट हवी होती. एका कादंबरीपाशी मात्र मी अडकले. मला विसरायचा होता असा एक जुना प्रसंग तिच्यामुळे वर आला. हा लेख त्या दोन्हींबद्दल आहे. (पुढे कथानकं मोकळेपणाने सांगितली आहेत. शेवट आधी कळलेला चालत नसेल, तर आधी पुस्तकं वाचा.)

अडकले ती कॉलीन हूवरच्या ‘इट एंड्स विथ अस’पाशी. ही २०१६ची कादंबरी. लिली ब्लूम बॉस्टनमध्ये फुलांचं दुकान काढते आणि राईल नावाच्या न्यूरोसर्जनच्या प्रेमात पडते. लिलीचे वडील तिच्या आईला मारायचे. आई का निघून जात नाही, हे तिला लहानपणापासून कळलेलं नाही. राईल देखणा, हुशार, तिच्यावर जीव टाकणारा. एके रात्री तो ओव्हनमधलं तापलेलं भांडं उघड्या हाताने उचलतो. हात पोळतो, भांडं पडतं, लिलीला हसू फुटतं. आणि त्याच्या हाताचा असा फटका बसतो की ती मागे कोलमडते, डोळ्याजवळ जखम होते.

ते वाचताना माझी पहिली प्रतिक्रिया काय होती, हे प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, अपघातच तो. सर्जनचा हात भाजलाय, वेदनेत माणूस काय करतो त्याला थोडंच कळतं. पुढे लिली जिन्यावरून पडते, त्याच्याच धक्क्याने. मग आपल्याला राईलचं बालपण सांगितलं जातं. सहा वर्षांचा असताना त्याच्या हातून चुकून बंदुकीची गोळी सुटली आणि मोठा भाऊ गेला. ते वाचून मी रडले. नंतर लक्षात आलं, लिली जिन्यावरून पडली तेव्हा मला रडू आलं नव्हतं.

त्या रात्री पुढे वाचवेना, कारण मला माझंच एक वाक्य आठवलं.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी आणि माझी एक मैत्रीण पुण्यात एकाच खोलीत राहायचो. तिचा मित्र तिचा फोन तपासायचा. ती कुणाबरोबर जेवली, कुणाच्या गाडीवरून आली, याचा हिशोब मागायचा. एका संध्याकाळी त्याने तिचा फोन भिंतीवर फेकला. “भिंतीवरच फेकला, माझ्यावर नाही,” असं ती मला दोनदा म्हणाली. मग तिने विचारलं, “काय करू?” त्याच्या घरचं मला थोडंफार माहीत होतं. वडिलांचं पिणं, आईचं माहेरी निघून जाणं. मी म्हणाले, “समजून घे गं त्याला. त्याने लहानपणी काय काय पाहिलंय.” ती त्यानंतर चौदा महिने त्याच्याबरोबर होती. त्या महिन्यांत काय झालं ती तिची गोष्ट आहे, माझी नव्हे. मी ती सांगणार नाही.

तर प्रश्न असा आहे : एखाद्याला समजून घेणं म्हणजे त्याला माफ करणं का?

मराठीत आपण हे दोन शब्द किती सहज एकमेकांच्या जागी ठेवतो पाहा. “समजून घे” असं कुणी म्हणतं, तेव्हा नीट विचार करून त्या माणसाबद्दलचं आकलन वाढव, असा अर्थ क्वचितच असतो. गप्प बस, सोडून दे, सांभाळून घे, असाच असतो. माफी मागतानाही आपण म्हणतो, “चूक पदरात घ्या.” आज पदर म्हटल्यावर डोळ्यांसमोर कोण येतं? दुसऱ्याची चूक ज्यात घ्यायची ते वस्त्र आपण बाईच्या खांद्यावर ठेवलं आहे. “भांड्याला भांडं लागतंच” ही समजूत तिच्याच कानावर जास्त पडते. हे सगळं सांगणाऱ्या आमच्या आज्यांनी एकही रोमान्स कादंबरी वाचलेली नव्हती. त्यामुळे सगळा दोष या पुस्तकांवर ढकलणं सोपं असलं, तरी खरं नाही.

पण या पुस्तकांचा वाटा आहेच, आणि तो त्यांच्या रचनेत आहे. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेच्या व्याख्येत रोमान्स कादंबरीला दोन अटी आहेत. केंद्रस्थानी प्रेमकथा हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशावादी हवा. दुसऱ्या अटीचा परिणाम बघा. शेवटी दोघं एकत्र येणार हे आधीच ठरलेलं असेल, तर मधे नायकाने काहीही केलं तरी त्याची माफीही आधीच ठरलेली असते. लेखकापुढे एवढाच प्रश्न उरतो, की ती माफी पटण्याइतकं दुःख त्याच्या भूतकाळात कुठून आणायचं. मेलेला भाऊ, सोडून गेलेली आई, दारुडा बाप. वाचून वाचून आपल्यालाही सवय लागते. कुणी क्रूर वागलं की आपण त्याची जखम शोधू लागतो, आणि ती सापडली की हिशोब मिटला असं समजतो.

सॅली रूनीच्या ‘नॉर्मल पीपल’मध्ये (२०१८) हा हिशोब इतका सोपा नाही. आयर्लंडच्या छोट्या गावातल्या शाळेत शिकणारे कॉनल आणि मेरीऐन. त्याची आई तिच्या घरी साफसफाईचं काम करते. कॉनल शाळेत सगळ्यांचा लाडका, मेरीऐन एकटी. त्यांचं नातं तो लपवून ठेवतो, आणि शाळेच्या शेवटच्या मोठ्या समारंभाला दुसऱ्याच मुलीला नेतो. का, ते आपल्याला पुरेपूर कळतं. लोक काय म्हणतील ही त्याची भीती, त्याचा वर्ग, त्याचं वय. पण त्याची आई, लॉरेन, ते ऐकून चालू प्रवासात गाडी थांबवायला लावते आणि उतरून जाते. पोटच्या मुलाला तिच्याइतकं कोण समजून घेणार? तरीही ती त्याचं वागणं पदरात घेत नाही. नंतर कॉनलला कळतं, की मित्रांना सगळं ठाऊकच होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. ज्या भीतीपायी त्याने एका मुलीला दुखावलं, ती भीतीच पोकळ होती. पुढे डब्लिनमध्ये तो तिची माफी मागतो. मला ती माफी खरी वाटली, कारण ती मागताना तो स्वतःच्या भीतीची ढाल पुढे करत नाही.

एमिली हेन्रीच्या ‘बीच रीड’मध्ये (२०२०) चूक करणारा माणूस हयातच नाही. जॅन्युअरी ही रोमान्स लेखिका. वडिलांच्या अंत्यविधीला तिला कळतं की त्यांचं दुसऱ्या बाईशी नातं होतं. तिचा सुखान्तावरचा विश्वासच उडतो. मिशिगनमधल्या सरोवराकाठच्या त्यांच्या घरात ती राहायला जाते. शेजारी गस, गंभीर साहित्य लिहिणारा. दोघं पैज लावतात, की एकमेकांच्या प्रकारातलं पुस्तक लिहायचं. ही पैज मजेची आहे, पण मला जास्त भावली ती वडिलांनी मागे ठेवलेली पत्रं. ती वाचल्यावर ते तिला पूर्वीपेक्षा जास्त समजतात. आईला झालेलं दुःख त्याने पुसलं जात नाही. जॅन्युअरी दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवायला शिकते : हा माणूस माझ्यावर प्रेम करायचा, आणि तो खोटं वागला. एकीने दुसरी रद्द होत नाही.

आणि मग आपली ‘कोबाल्ट ब्लू’. सचिन कुंडलकरांची २००६ची कादंबरी. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट राहायला येतो. घरातला मुलगा तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो. आधी तनय त्याला उद्देशून बोलतो, मग अनुजाची रोजनिशी येते. त्या पाहुण्याला संपूर्ण पुस्तकात नाव नाही, आणि त्याची बाजूही आपल्याला कधी मिळत नाही. रोमान्सच्या सवयीने मी पानोपानी त्याचं स्पष्टीकरण शोधत होते. ते आलं नाही. तनय आणि अनुजाला ते न मिळताच पुढचं आयुष्य उभं करायचं आहे. खऱ्या आयुष्यात बहुतेकदा असंच होतं. समोरच्याच्या भूतकाळाचं प्रकरण कुणी आपल्या हातात आणून देत नाही.

पीटर स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाचा ‘फ्रीडम अँड रिझेंटमेंट’ नावाचा १९६२चा निबंध आहे. त्यात तो म्हणतो, की माणसाकडे आपण दोन प्रकारे पाहू शकतो. एक, नात्यात उतरून. तेव्हा आपल्याला त्याचा राग येतो, कृतज्ञता वाटते, दुखावलं जाणं आणि माफ करणं हे सगळं शक्य असतं. दुसरा प्रकार तटस्थ. तेव्हा तो माणूस म्हणजे एक प्रकरण होतो. त्याच्यावर उपचार करायचे, त्याला सांभाळायचं, त्याच्या कलाने घ्यायचं. अगदी लहान मुलांशी किंवा गंभीर मानसिक आजारात आपण असं वागतो आणि ते योग्यच असतं. पण दोन प्रौढ माणसांचं प्रेम केवळ या दुसऱ्या नजरेवर उभं राहू शकत नाही.

मला यातून माझी चूक नेमकी कळली. “त्याने लहानपणी काय काय पाहिलंय” असं म्हणताना मी तिच्या मित्राला माफ करायला सांगतच नव्हते. मी सांगत होते की त्याचा दोषच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष नसेल तर माफ काय करणार? माफी म्हणजे, तू हे केलंस, तुला वेगळं वागता आलं असतं, आणि तरीही मी राग सोडते. त्यात त्या माणसाचाही मान राहतो. मी मात्र त्याला रुग्ण केलं आणि तिला विनापगारी नर्स. शिवाय राग सोडूनही दार बंद करता येतं. माफ केलं म्हणजे नांदायला हवं, असं कुठे लिहिलंय?

हूवरची कादंबरी मी आठवड्याने पूर्ण केली, आणि तिच्याबद्दल माझी तक्रार थोडी कमी झाली. राईलची बहीण अ‍ॅलिसा ही लिलीची जिवलग मैत्रीण. ती लिलीला सांगते, की बहीण म्हणून मला वाटतं तू त्याला माफ करावंस. पण मैत्रीण म्हणून सांगते, परत गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. मुलगी जन्मल्यावर लिली राईलला विचारते, की ही उद्या तुझ्याकडे येऊन म्हणाली, माझा जोडीदार मला मारतो, तर तू काय सांगशील? उत्तर त्याला ठाऊक असतं. ती घटस्फोट घेते. राईलचा भूतकाळ तोच आहे, तिला त्याची कणवही तितकीच आहे. रोमान्सची ती ठरलेली माफी लेखिकेने इथे हिसकावून घेतली आहे. शेवटच्या टिपणात हूवर सांगते, की हे तिच्या स्वतःच्या आईवरून सुचलं. तरी २०२३च्या जानेवारीत याच कादंबरीवर रंग भरायचं पुस्तक काढायची घोषणा झाली आणि टीका झाल्यावर ती मागे घेतली गेली. मारहाणीची गोष्टही गोडगुलाबी म्हणून खपवण्याची सवय किती मुरलेली आहे, ते यावरून कळतं.

पुस्तक संपल्यावर मी मैत्रिणीला फोन केला. ती आता दुसऱ्या शहरात असते, बरी आहे. म्हटलं, “तेव्हा मी तुला चुकीचं सांगितलं.” कशाबद्दल, ते तिने विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “तुझ्या सांगण्यावरून राहिले नव्हते मी. उगाच भाव खाऊ नकोस.” मग आणखी थोड्या वेळाने, “पण तू ‘नीघ’ म्हणाली असतीस, तर बरं वाटलं असतं.”

माझ्या ओठांवर आलं होतं, की मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, मला काही कळत नव्हतं, आमच्या घरीही सगळे असंच बोलायचे. सगळं खरं होतं. माझाही भूतकाळ हाताशी तयारच होता.

मी तो सांगितला नाही. म्हटलं, “हो. म्हणायला हवं होतं.”