पाटीवरचे तीन शब्द

फटफटीशी माझा संबंध आयुष्यात एकदाच आला, आणि तोही मागच्या सीटवरून. मेहुण्याच्या मागे बसून मी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेलो आणि परत एस.टी.ने आलो. पुढे तीस वर्षं मी स्कूटर चालवली. पण स्कूटर हे वाहन नसून ते संसारातलं एक भांडं आहे, असं माझं मत आहे. पुढे भाजीची पिशवी, मध्ये चिरंजीव, मागे ही, आणि स्टेपनीला टांगलेली रॉकेलची कॅन. अशा माणसाने मोटोक्रॉसच्या विजेत्यांवर लिहायचं म्हणजे जन्मभर मऊ भात खाल्लेल्याने तांबड्या रश्श्यावर व्याख्यान देण्यासारखं आहे. पण या वयात गप्प बसवत नाही, हाही एक आजारच.

याला कारण आमचा नातू. २०२४ च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीच्या स्टेडियममध्ये सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या, तेव्हा तो मला हाताला धरून घेऊन गेला. कानात कापूस होता म्हणून ऐकू तरी येतंय आज. स्टेडियममध्ये ट्रकांनी माती आणून तिचे उंचवटे करतात, आणि पोरं त्यावरून फटफटीसकट हवेत उडतात. आमच्या गल्लीत जे बारा महिने फुकट मिळतं, ते तिथे तिकीट लावून दाखवत होते. मी तसं म्हटल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, हे काहीच नाही. खरं मोटोक्रॉस उघड्यावर, डोंगरउतारावर चालतं. आणि त्यात एकच माणूस. बॉब हॅना."

रात्री त्याने मला मोबाईलवर या हॅनाचं सगळं चरित्र ऐकवलं. कॅलिफोर्नियाचा पोरगा. १९७६ साली, वयाच्या विशीच्या आत, यामाहा कंपनीच्या गाडीवर अमेरिकेतल्या १२५ सीसी गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आणि तेही आधीची दोन वर्षं ते ज्याच्याकडे होतं त्या मार्टी स्मिथला मागे टाकून. लोक त्याला 'हरिकेन' म्हणायला लागले. पुढच्या वर्षी सुपरक्रॉसचंही विजेतेपद घेतलं. हे सगळं मी "हो का, हो का" करत ऐकत होतो. माझं अर्धं लक्ष ताकात होतं. मग नातवाने एक फोटो दाखवला आणि माझा ताकाचा पेला हातातच राहिला.

फोटो होता १९७७ सालच्या १२५ सीसी राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या शर्यतीचा. टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ हे गाव. विजेतेपदासाठी दोघांत चुरस : यामाहाचा ब्रॉक ग्लोव्हर, वय वर्षं सतरा, आणि सुझुकीचा डॅनी लापोर्ट. हॅना विजेतेपदाच्या हिशेबात नव्हता. पण त्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होता तो, आणि त्याच्या मागे त्याच्याच कंपनीचा ग्लोव्हर. शर्यत अशीच संपली असती तर वर्षाचं विजेतेपद लापोर्टला. हॅना बाजूला सरला तर ग्लोव्हरचे आणि लापोर्टचे गुण सारखे होणार, आणि जास्त विजय ग्लोव्हरच्या खात्यावर असल्यामुळे विजेतेपद त्याला.

आता धावत्या फटफटीवरच्या माणसाला सांगायचं कसं? इंजिनाच्या त्या आवाजात स्वतःच्या मनातलंही ऐकू येत नाही. म्हणून या खेळात मेकॅनिक रस्त्याच्या कडेला एक पाटी घेऊन उभा राहतो. कितवा नंबर आहे, मागचा किती जवळ आलाय, असं तिच्यावर लिहायचं आणि आपला स्वार आला की उंच धरायची. त्या दिवशी हॅनाच्या पाटीवर तीन शब्द लिहिले होते : 'लेट ब्रॉक बाय'. ब्रॉकला पुढे जाऊ दे.

यात आणखी गंमत म्हणजे तीनातले दोन शब्द चुकलेले. ग्लोव्हरच्या नावाच्या स्पेलिंगात शेवटी 'के' नाही, तो लावला होता. आणि बाजूने जाण्याच्या 'बाय'ला शेवटी 'ई' जोडून त्याचा टाटा करतानाचा 'बाय' करून टाकला होता. आमचे इंग्रजीचे मास्तर असते तर त्यांनी शर्यत थांबवून पाटी दहा वेळा लिहायला लावली असती. पण मला वाटतं, ते स्पेलिंग घाईत चुकलं नसावं. काही वाक्यं अशी असतात की ती लिहिताना माणसाचा हातच नीट चालत नाही.

हॅनाने वेग कमी केला. ग्लोव्हर पुढे गेला आणि सतराव्या वर्षी राष्ट्रीय विजेता झाला. मागे लापोर्ट आपल्या परीने गाडी रेटत होता. त्याच्यासाठी कुणी पाटी धरली नव्हती. आणि धरली असती तरी तिच्यावर लिहिणार काय?

"चूक कुणाची, आजोबा?" नातवाने विचारलं.

मी म्हटलं, "बघू उद्या," आणि उठलो. त्याला वाटलं आजोबांना झोप आली. झोप कसली येते? मला आमच्या ऑफिसातलं कॅरम आठवलं होतं.

तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. कायम व्हायचा होतो, आणि कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. ऑफिसात दरवर्षी कॅरमची स्पर्धा असे. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, सगळ्यात जास्त गुण त्याला स्टीलचा डबा आणि त्याच्या खात्याला ढाल. मी बरा खेळायचो, पण दोन डाव आधीच घालवून बसलो होतो. चुरस होती आमच्या खात्यातला एक जण आणि हिशेब खात्यातले एक शांत गृहस्थ यांच्यात. त्या गृहस्थांचे सगळे डाव संपले होते. शेवटचा डाव माझा आणि आमच्या खात्यातल्या माणसाचा. मी जिंकलो तर डबा हिशेब खात्यात जाणार.

डाव रंगात आला असताना शिपायाने चहा आणला. बशीखाली चिठ्ठी होती. साहेबांचं अक्षर : 'ढाल आपल्याकडे राहावी.' शुद्धलेखन मात्र बिनचूक. आमच्या साहेबांचा ऱ्हस्व-दीर्घ कधी चुकला नाही, बाकीचं चुकलं.

त्यानंतर राणी भोकाच्या तोंडाशी होती, आणि मी ती घालवली. नुसती घालवली नाही, तर "अरेरे!" असंही म्हटलं. ते "अरेरे" मला आजही राणीपेक्षा जास्त टोचतं. दोन महिन्यांनी मी कायम झालो. कदाचित एरवीही झालो असतो. तेच तर कळायला मार्ग नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय आहे? खेळात हरणं हा ज्याचा त्याचा हक्क आहे. नातू पाच वर्षांचा होता तेव्हा मी त्याच्याशी सापशिडीत खोटं मोजून हरत होतोच की. आणि हॅनाला पगार यामाहाचा, गाडी यामाहाची, पेट्रोल यामाहाचं. ज्याचं खावं त्याचं ऐकावं, ही आपल्या मध्यमवर्गाची तर स्मृतीच आहे. शिवाय, पुढे असलेली जागा हॅनाने स्वतःच्या मनगटावर मिळवली होती. स्वतःची वस्तू त्याने दिली तर त्याला दान म्हणायचं का चोरी?

मीही पुष्कळ वर्षं असाच वाद घालत होतो. मग एकदा एका लग्नात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंक्तीत वाढपी ओळखीचा असला की आपल्या पानात जिलबी दोनदा पडते. वाढपी भला माणूस, आपलं त्याच्यावर प्रेम. पण परातीतली जिलबी त्याची नसते. आणि पंक्तीच्या टोकाला जो बसलेला असतो त्याच्यापर्यंत परात पोचते तेव्हा तिच्यात नुसता पाक असतो. दान करावं ते आपल्या पानातलं. हॅनाने आपला पहिला नंबर दिला, तो त्याच्या पानातला होता, मान्य. पण त्याबरोबर वर्षाचं विजेतेपद गेलं, ते लापोर्टच्या पानातलं होतं. सापशिडीत पंक्तीच्या टोकाला कुणी बसलेलं नसतं. म्हणून तिथे खोटं हरणं हे प्रेम, आणि इथे ते वाढपीपण.

ही युक्ती यामाहाने काढली असंही नाही. आपल्याकडे द्रोणाचार्यांनी फार पूर्वी पाटी धरली होती. 'अर्जुनाला पुढे जाऊ दे.' तिकडे मोटोक्रॉसमध्ये निदान पुढच्या माणसाला नुसतं बाजूला व्हायला सांगितलं. आपल्या गुरुवर्यांनी अंगठा मागितला. तरी आपण अर्जुनाला वीर म्हणतोच, आणि तो होताही. ग्लोव्हरही काही उसना विजेता नव्हता. १९७८ आणि १९७९ ला तेच विजेतेपद त्याने राखलं आणि पुढे ५०० सीसीची तीन मिळवली. एकूण सहा. उरलेली पाच कुणी पाटी धरून दिली नाहीत. पण पहिल्याचं नाव निघालं की लोक पाटीकडे बोट दाखवतात. म्हणजे ज्याच्यावर उपकार केला त्याचंही नुकसानच.

लापोर्टचं काय झालं? तो रडत बसला नाही. १९७९ ला ५०० सीसीचा राष्ट्रीय विजेता झाला, आणि १९८२ ला थेट २५० सीसीचा जगज्जेता. गाडी कोणती म्हणाल? यामाहा! दैवाला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

आणि हॅना? १९७९ मध्ये पाण्यावरचं स्कीइंग करताना त्याच्या पायाचा चुराडा झाला, १९८० सालची शर्यत म्हणून त्याला बघायलाही मिळाली नाही. तरी १९८१ ला परत आला. सात विजेतेपदं, सत्तर शर्यती जिंकल्या. १९८७ ला तिशी ओलांडलेली असताना अनडिल्लाच्या चिखलात अमेरिकेच्या संघातून लहान गाडीवर उतरला, आणि संघ जगात पहिला आला. १९८९ ला निवृत्त झाला. सत्तर वेळा जिंकलेला माणूस, आणि फोटो कुठला प्रसिद्ध, तर तो मुद्दाम हरला त्याचा. पाटीचा तो प्रकार आपल्याला पटला नव्हता, हे त्यानेही पुढे लपवलं नाही. तो त्या दिवशी गाडी पुढे दामटता तर कंपनीने त्याला काय केलं असतं? त्याच्यासारखा दुसरा मिळाला नसता. माझ्यासारखे मात्र साहेबांना दारात उभे होते. ही माझी सबब आहे, समर्थन नाही.

मागच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. रांगेत पुढे तेच हिशेब खात्यातले गृहस्थ. आम्ही दोघं जिवंत असल्याचं एकमेकांना सांगितलं. मग म्हटलं, आता हयातीचा पुरावा द्यायला आलोच आहोत, तर सगळंच देऊन टाकू. मी राणीबद्दल बोललो.

ते हसले. म्हणाले, "अहो, माहीत होतं मला. तुम्ही 'अरेरे' म्हणालात ना, तेव्हाच. चुकून राणी गेली की माणूस शिवी देतो."

मी खाली बघत होतो. ते म्हणाले, "डब्याचं काय, आमच्याकडे डबे होते हो. पण त्या दिवशी मी मुलीला दाखवायला आणलं होतं. घरी जाताना तिने विचारलं, बाबा, शेवटचा डाव झाला तेव्हा तुम्ही तर बाकावर बसला होता. मग बसल्या बसल्या हरलात कसे? याला काय उत्तर द्यायचं, तेवढं मात्र मला सुचलं नाही." एवढ्यात खिडकीतून त्यांचं नाव पुकारलं आणि ते हयात असल्याची सही करायला गेले.

घरी येऊन नातवाला म्हटलं, चूक कुणाची ते सांगतो. पाटी लिहिणाऱ्याची आहेच. पण पाटी नुसती दाखवता येते. ब्रेक ज्याच्या हातात असतो त्यालाच तो दाबावा लागतो.

नातू थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने कॅरमचा बोर्ड काढला. पावडर टाकली. डाव चांगला रंगला. शेवटी राणी भोकाच्या तोंडाशी, स्ट्रायकर त्याचा. त्याने ती घालवली आणि म्हणाला, "अरेरे!"

मी काही बोललो नाही. राणी घेतली, तिच्यावर सोंगटीही घेतली. फक्त घेण्याआधी एकदा मागे वळून पाहिलं, बाकावर कुणी बसलेलं नाही ना.